ओतिलिया घरी असते

"स्पॅनिशमध्ये मेज ही बाई कशी? मेज वस्तू आहे," विनिफ्रेडने वहीतून डोकं वर काढून विचारलं.

"सगळे तिच्यावर कोपर टेकतात, तरी ती बिचारी बोलत नाही. म्हणून," एलिसेओ मास्तर म्हणाले.

शेजारच्या मेजावर शिकवणाऱ्या चोनिताबाई खदखदून हसल्या. "मास्तर, हे ओतिलियासमोर म्हणून बघायचं होतंत! महिनाभर उपाशी ठेवलं असतं तिनं..." आणि एकदम गप्प झाल्या. विनिफ्रेडला इतकं भरभर बोललेलं कळत नसे. ती हसली.

परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणाऱ्या अंतिग्वातल्या त्या शाळेच्या अंगणात बारा मेजं होती. एका मेजाला एक शिक्षक, एक परदेशी. सोमवारी यायचा, शुक्रवारी जायचा. एलिसेओ मास्तर सव्वीस वर्षं नवशिक्यांनाच शिकवत होते आणि कुटुंबाचा धडा स्वतःच्या घरावरून घेत होते. माझ्या बायकोचं नाव ओतिलिया. ती घरी असते. तिला निळा रंग आवडतो. ओतिलियाला जाऊन चार महिने झाले होते, पण धडा बदलायला त्यांचा हात धजावत नव्हता. घरी तिचं नाव काढायला कुणी उरलं नव्हतं. इथे निदान दर आठवड्याला कुणीतरी विचारायचं, ओतिलिया कशी आहे? आणि मास्तर म्हणायचे, बरी आहे.

आज शुक्रवार. शेवटच्या तासाला विनिफ्रेडने पिशवीतून निळी लोकरीची शाल काढली. ती कॅनडातली निवृत्त परिचारिका होती. आठवडाभर संध्याकाळी बसून तिने ती शाल विणली होती.

"तुमचा बायकोला."

"तुमच्या," मास्तर सवयीने म्हणाले.

"तुमच्या बायकोला. मी आज घरी येते? मी देते?"

ती बहिणीकडे गेली आहे, एवढं म्हटलं की झालं असतं. विनिफ्रेड उद्या विमानात बसली असती, सोमवारी नवा विद्यार्थी आला असता, आणि ओतिलिया पुन्हा घरी असती. मास्तरांनी शालीवरून हात फिरवला. एकही टाका सुटलेला नव्हता.

"ती घरी नाही."

"बाजारात?"

"नाही."

"कधी येते?"

मास्तरांनी शब्दकोश ओढला, पानं उलटली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. विनिफ्रेडने वाचलं. मग एकेक शब्द जुळवत ती हळूच म्हणाली, "ओतिलिया... मेली."

गावाने चार महिने 'गेली', 'सुटली', 'देवाघरी आहे' असंच म्हटलं होतं.

"बरोबर," मास्तर म्हणाले.

घंटा झाली. मास्तरांनी शाल उलगडली आणि ते सांगू लागले. ओतिलिया बुटकी, तिला ती पार पायघोळ झाली असती. तरी तीच पांघरून ती मुद्दाम चर्चला मिरवत गेली असती. एवढं सगळं समजायला विनिफ्रेडला आणखी वर्षभर तरी शिकावं लागलं असतं. तरीही मास्तर सांगत राहिले, नेहमीच्या वेगाने, एकही शब्द सोपा न करता, आणि ती समोर बसून ऐकत राहिली.