खराऱ्याच्या दातांत अडकलेली गोळी

मित्रांनो, मी एक जुना खरारा आहे. खराटा नव्हे हं! खराटा अंगण झाडतो, मी घोड्याचं अंग विंचरतो. कशेळ्याच्या विठू लोहाराने जीपच्या जुन्या पत्र्यातून माझे दात कापले, त्यावर लाकडी मूठ बसवली आणि म्हणाला, "जा, तुला मरण नाय." त्याचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही.

माझा मालक कमाल, माथेरानचा घोडेवाला. पन्नाशी उलटलेला, पण चालण्यात पोरांना ऐकणार नाही. चांदणी नावाची त्याची पांढरी घोडी. रोज सकाळी मी तिच्या पाठीवरून फिरलो की धूळ, केस आणि कोंडा यांचा ढग उठे आणि घोडी कशी लख्ख निघे! फिरायला आलेले पाहुणे म्हणत, "वा, काय घोडी ठेवलीय!" कमालच्या खांद्यावरच्या पिशवीत बसून मी फुगून जाई. काम कुणी केलं होतं?

पण त्याच ढगाने कमालला शिंका येत. एक नव्हे, ओळीने दहा-बारा. नाक चोंदे, डोळे लाल होत. दुकानातली एक स्वस्त गोळी तो घेई, पण तिने त्याला पेंग येई. एकदा दरीच्या कडेला, पाहुण्याचं पोर खोगिरावर असताना, चालता चालता कमालचा डोळा लागला. चांदणी शहाणी, जागच्या जागी थांबली. त्या दिवसापासून त्याने ती गोळी सोडली.

गेल्या वर्षी त्याला बीपी निघालं. दवाखान्यातल्या रोहिणी डॉक्टरांनी रोजची गोळी लावून दिली. हे त्याने बायकोशिवाय, रहिमाशिवाय, कुणालाच सांगितलं नाही. "घोड्यांच्या स्टँडवर कळलं तर संपलं," तो म्हणे. "आजारी माणसाच्या घोडीवर कोण आपलं पोर बसवील?"

मग एक पाहुणा आला. कमालला शिंकताना पाहून त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "घ्या मामा. नाक झटक्यात मोकळं होतं, आणि झोप अजिबात येत नाही."

झोप येत नाही! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तशी कमालची गत झाली. पट्टी पिशवीत माझ्या शेजारी आली. तीन दिवस शिंक नाही की काही नाही. स्वारी खुशीत.

चौथ्या दिवशी माझ्या मुठीवरची त्याची बोटं थरथरू लागली. त्याची नाडी मला लाकडातून जाणवत होती, धाडधाड, धाडधाड. डोकं धरून तो मटकन खाली बसला. रहिमाने त्याला दवाखान्यात नेलं. बीपी भलतंच चढलेलं.

"कमालचाचा, आणखी काही औषध घेता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय."

खोटं बोलायचं नव्हतं त्याला. सर्दीची गोळी हे औषध असतं, हेच त्याच्या ध्यानी नव्हतं. मी पिशवीत नुसता चडफडत होतो. आम्हा खराऱ्यांना दात असतात, जीभ नसते! डॉक्टरांनी त्याला बराच वेळ तिथेच निजवून ठेवलं, बीपी थोडं उतरल्यावर घरी सोडलं आणि बजावलं, "उद्या परत या. तोवर घोडीबरोबर जायचं नाही."

वाटेत शेजारचा घोडेवाला गोमा भेटला. "कमालभाय, धूळ तुला सोसत नाय. घोडी इक नि मोकळा हो."

"चांदणी इकू? मग मी कोण रं?" कमाल म्हणाला. फार वाईट वाटलं मला.

दुसऱ्या सकाळी रहिमा चांदणीला खरारा करायला आली. तिने मला पिशवीतून ओढलं, आणि माझ्या दातांत अडकलेली ती पट्टी बाहेर आली.

"ही कसली गोळी?"

"सर्दीची हाय गं. औषध नाय ते."

"औषध नाय तर काय शेंगदाणे हायत?" रहिमा कडाडली. पट्टी आणि नवरा, दोघांनाही घेऊन ती दवाखान्यात गेली. परत पिशवीत पडून मीही गेलो.

डॉक्टरांनी पट्टीमागची बारीक अक्षरं वाचली. "चाचा, यात दोन औषधं आहेत. एक शिंका थांबवतं. दुसरं नाक मोकळं करायला रक्तवाहिन्या आवळतं, त्याने बीपी चढू शकतं. ज्याला आधीच बीपी आहे त्याने असली गोळी मनाने घ्यायची नाही."

"मंग घोडी इकावी नाय लागणार?"

"आधी ही गोळी बंद करा!" डॉक्टर हसल्या. त्यांनी नुसत्या शिंकांवरची दुसरी गोळी दिली. तिनेही कुणाकुणाला पेंग येते, म्हणून आधी दोन दिवस घरीच घेऊन बघायला सांगितलं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायला शिकवलं. आणि खरारा रहिमाने करायचा, उघड्यावर, घोडी ओल्या फडक्याने पुसून झाल्यावर. फडक्याचा मान आधी, माझा नंतर! सांगायला हरकत नाही, थोडं टोचलंच.

आठवड्याने बीपी ताब्यात आलं आणि कमाल स्टँडवर परतला. एक बाई आपल्या लहान लेकीला घेऊन आल्या. नेमकी तेव्हाच कमालला शिंक आली. बाईंनी पर्समधून पट्टी काढली. "घ्या ना, मी नेहमी हीच घेते."

सगळे घोडेवाले ऐकत होते. कमालने पट्टी हाताने मागे सारली.

"नको बाई. मला बीपी हाय. डॉक्टरला इचारल्याबिगर मी कुठलीच गोळी घेत नाय."

गेलं गिऱ्हाईक, मी म्हटलं. बाईंनी पट्टी परत ठेवली, लेकीला उचललं आणि चांदणीवर बसवलं. "घट्ट धर गं," त्या म्हणाल्या. "काका सांभाळून नेतील."

फेरी मारून आलो तर गोमा वाट बघत उभा. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि खिशातून तसलीच एक पट्टी काढली.

"कमालभाय, मला साखर हाय. चार वर्सं झाली, कुणाला बोललो नाय. ही चालंल का रं मला?"

कमालने लगाम डबा घेऊन आलेल्या रहिमाच्या हाती दिला. "चल, आदी डॉक्टरांकडं जाऊ."

मित्रांनो, शिंक साऱ्या बाजाराला ऐकू जाते, पण आतलं दुखणं आपणच सांगावं लागतं. दुकानदार असो वा डॉक्टर, गोळी मागण्याआधी आपला जुना आजार आणि रोजचं औषध तेवढं सांगा. तुमच्या पिशवीत खरारा नसणार.