परातीतला पांढरा थर

पुण्यात पुरातत्त्व शिकलेली विभावरी कतारमधल्या दोहा शहरात, बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये सहा वर्षे घर सांभाळत होती. १९८४ सालच्या त्या शनिवारी एका इंग्रजी शाळेत तिचा चाचणीचा तास होता. विषय, रोमन नगरांतल्या रोजच्या वस्तू. तास जमला तर नोकरी, नाही तर पुन्हा तोच फ्लॅट.

मुलांना हाताळायला एखादे वापरातले भांडे हवे, असे तिने नवऱ्याच्या कंपनीतले ड्रायव्हर पोपटराव यांना सांगून ठेवले होते. साताऱ्याकडचे हे गृहस्थ इतर पाच कामगारांबरोबर एका खोलीत राहत. आदल्या दिवशी त्यांनी एक परात आणून दिली. कडेने पांढरा थर, तळाशी ओरखडे. विभावरीने तत्काळ टिपण केले : ‘पिठाचा थर. खोलीत रोज कणीक मळली जाते.’

शाळेकडे जाताना तिने ते वाचून दाखवले. पोपटरावांनी आरशातून तिच्याकडे पाहिले.

“वहिनी, कणीक मळून दोन वर्सं झाली. कोपऱ्यावरच्या भट्टीवर गरम खुबूस, हितली तयार रोटी, मिळतोय, मग कोण हात भरवून घेतंय? आमचा शहाजी फरश्या बसवतो. तो त्यात पांढरं सिमेंट कालवतो.”

“मग काल बोलला नाहीत ते?”

“तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही थेट लिवायलाच घेतलं.”

थर नखाने खरवडला असता तरी कळले असते. परात म्हणजे कणीक, हा निकाल तिने तपासणीआधीच देऊन टाकला होता. परात गाडीतच ठेवून नुसत्या चित्रांवर तास निभावण्याचा विचार शाळेच्या फाटकापर्यंत टिकला. मग तिने परात काखेत मारली.

मुख्याध्यापिका आबिदा मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या. परात वर्गात फिरली.

“रोटीचं पीठ मळायला,” एक मुलगी म्हणाली.

“मीही तेच लिहिलं होतं. चुकलं,” विभावरीने सांगितले आणि शहाजीच्या सिमेंटची व भट्टीवरच्या खुबूसची हकिकत वर्गापुढे मांडली. मग तिने एका रोमन नगराचे दोन आराखडे फळ्यावर लावले. जुन्या घरांत दगडी जाती होती. नंतरच्या घरांत ती नव्हती, मात्र कोपऱ्यावर बेकरी आणि गाढवाने फिरवायची मोठी जाती आली होती.

“म्हणजे लोक विकतचा पाव खायला लागले,” तीच मुलगी म्हणाली.

“किंवा घर सोडताना जातं घेऊन गेले,” मागची म्हणाली. “आम्ही तीन फ्लॅट बदललेत.”

“मग ठरवायचं कसं?” विभावरीने विचारले.

“शेजारची घरं बघायची. कुणाकडेच जातं नसेल, तर हिचं खरं.”

“बहुधा खरं,” विभावरी म्हणाली.

तास संपल्यावर आबिदा मॅडम तिच्याजवळ आल्या. “ही चूक मुद्दाम आखली होती?”

“नाही. येताना गाडीत कळली.”

“आधीच्या उमेदवाराची एकही चूक झाली नाही. मुलांनी एकही प्रश्न विचारला नाही.” त्यांनी हातातला हजेरीपट पुढे केला. “सहावी ब ला इतिहासाला कुणी नाही. आतापासूनच घ्याल?”

विभावरीने हजेरीपट घेतला. “कुठल्या मजल्यावर?”