मला उशिरा उठवणार होते

मी वॉचडॉग टायमर बोलतोय. अंडी उबवायच्या पेटीत एक नखाएवढी चिप आहे, तिच्यात मी राहतो. माझं काम एकच, उलटे आकडे मोजणं. पेटीचा प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने मला हाक देतो आणि मी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. हाक आली नाही, तर तो अडकला असं समजून मी सगळं नव्याने सुरू करतो.

माझी पेटी धुळ्यात कुंदनने बनवली. वीज आली की आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम उठतो. मग तो मोठ्याला उठवतो. कुंदनने मला बूटलोडरमध्येच चालू केलं होतं. पण मोठा प्रोग्राम उठायला वेळ लावायचा आणि तेवढ्यात मी त्याला पाडायचो.

"तुझा राखणदार मालकालाच घरात घेत नाही रे!" कुंदनचा जोडीदार शाहबाज हसला.

कुंदन वैतागला. माझी मुदत वाढवायची सोडून त्याने बूटलोडरमधली मला चालू करणारी ओळच काढली. "मोठा प्रोग्राम उठवेल याला."

पेटी दोंडाईच्याजवळ कोंबड्या पाळणाऱ्या भिकुबाईंकडे गेली. साठ अंडी. अठराव्या दिवशी एक अंडं टॉर्चपुढे धरल्यावर आतलं पिल्लू हललं. त्याच दिवशी पाचोऱ्याहून फोन आला, लेक बाळंत झाली.

"भाऊ, जाऊ का मी?" त्यांनी कुंदनला फोनवर विचारलं.

"निर्धास्त जा अक्का. पेटीत राखणदार आहे."

त्या गेल्या. दुपारी वीज गेली आणि लगेच आली. बूटलोडर मध्येच अडकला. मोठा प्रोग्राम उठला नाही, मग मला कोण उठवणार? अंड्यांना ऊब देणारा बल्ब लागलाच नाही. थंडीचे दिवस होते. भिकुबाई परत येईपर्यंतच्या दोन दिवसांतलं मला काहीच आठवत नाही.

भिकुबाई पेटी घेऊन धुळ्याला आल्या. टेबलावर एक अंडं ठेवलं.

"भाऊ, बठ्ठा थंडा व्हई ग्यात." साठच्या साठ अंडी गार पडली होती.

कुंदनने अंडं कितीतरी वेळ हातात धरलं. शाहबाजने रेडिओ बंद केला.

आता ती ओळ परत आली आहे, मुदतही वाढली आहे. वीज आली की सगळ्यांत आधी मी उठतो. पेटी पुन्हा भिकुबाईंकडे आहे, आत नवी अंडी आहेत. पण त्या तासातासाला येऊन झाकणावर हात ठेवतात. लेकीचा फोन येतो, "आई, बाळाला बघायला परत ये ना!"

"पिल्लं निघू दे, मग येते."

मी जागा आहे, अक्का. जा ना. पण मला फक्त मोजता येतं.