दीडशे रत्तल उत्तम पान

अमेरिकेतल्या जेम्सटाउन वसाहतीच्या लोकांनी भर रस्त्यातसुद्धा तंबाखू लावला होता. मका लावा, मका लावा म्हणून दवंडी पिटणाऱ्याचा घसा बसला, पण ऐकतो कोण? नाणं कुणाच्याच खिशात नव्हतं. जोडे घ्या, दंड भरा, नाहीतर बायको करा, सगळा व्यवहार तंबाखूवर.

एव्हिस कॉट्रेल इंग्लंडहून जहाजानं आलेल्या लग्नाळू मुलींपैकी एक. नवरा तिनंच निवडायचा, पण तिच्या प्रवासखर्चापोटी त्यानं वसाहत चालवणाऱ्या कंपनीला तंबाखूचं दीडशे रत्तल उत्तम पान मोजायचं, असा करार. तिनं रेफ डनिंग निवडला. हसरा, एकटा आणि पुरता कफल्लक. त्याचं अख्खं पीक झोपडीच्या आढ्याला टांगून वाळत होतं आणि ते जेमतेम दीडशे भरलं असतं. शनिवारी कंपनीचा माणूस माल तपासणार होता.

मंगळवारी रेफ नदीपलीकडं पिंप आणायला गेला. एव्हिस त्याची झोपडी झाडायला म्हणून आली, तर हात लावताच पानांचा चुरा होत होता. पिंपात भरताना निम्म्या मालाचा भुसाच व्हायचा! घरी ती इस्त्रीआधी कपड्यांवर पाणी शिंपडायची, तसंच तिनं हलक्या हातानं पानोपानी शिंपडलं. पानं छान मऊ पडली. दमट हवेची वाट बघायची असते, पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नसतो, हे इथं शेंबडं पोरही सांगेल. पण ही कालची आलेली, तिला कुठून कळणार?

संध्याकाळी रेफ परतला. "बघ तरी, मी काय केलंय ते!" ती नाचतच म्हणाली.

त्यानं एक पान चिमटीत धरलं. बोटांत चोळून पाहिलं, मग तिच्याकडं बघून हसला. "वा गं माझी राणी!"

दोघांनी मिळून पिंप भरलं. ती पायांनी पानं दाबत होती आणि हसून हसून तिला धाप लागली होती.

शनिवारी झाकण निघालं आणि कुबट वास सुटला. आत पांढरी बुरशी. "पाणी लागलंय याला. जाळा," कंपनीचा माणूस म्हणाला. नियमच होता तसा.

एव्हिस ज्यांच्याकडे उतरली होती, त्या गर्नीबाईंनी हात टेकले. "पोरी, पुढच्या पिकापर्यंत तुला खायला काय घालू? तंबाखू? मक्याचं पीठ माझ्याच लेकरांना पुरत नाही." पास्को नावाचा एक विधुर होता, त्याचं दीडशे रत्तल पान तयार होतं. माणूस वाईट नव्हता. एव्हिसनं होकारार्थी मान हलवली.

पास्कोशी लग्नाच्या सकाळी ती रेफच्या वावरात गेली. तो वाळकी धाटं उपटत होता.

"रेफ, तुझं पान मी नासवलं. पाणी शिंपडून."

"ठाऊक आहे. हात लावला तेव्हाच कळलं."

"तेव्हाच?" तिचा आवाज चिरकला. "अरे, मग बोलला का नाहीस? चार दिवस होते हातात! परत टांगून वाळवलं असतं!"

"तू इतकी खुशीत होतीस गं. म्हटलं, शनिवारपर्यंत निभेल. तुझा चेहरा उतरलेला मला बघवला नसता."

एव्हिसला रडू आवरेना. तिनं दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं.

"मेल्या, एकदा ओरडायचं होतंस माझ्यावर! जन्मभर ऐकून घेतलं असतं मी तुझं."

रेफ खाली वाकून पुन्हा धाटं उपटू लागला. तिकडं गर्नीबाई तिला हाका मारत होत्या.