दुधाच्या पातेल्यात मीठ

मी एक जुनं जर्मनचं पातेलं आहे. मित्रांनो, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. आमच्या भागात सगळे तसंच म्हणतात. माझ्या काठाला एक पोचा आहे आणि बुडाला बारीक बारीक खड्डे. पोचा शेळीच्या लाथेने पडला. खड्डे मिठाने पडले, आणि तीच माझी गोष्ट आहे.

आटपाडीच्या बाजारात भामाबाईने मला बोटाने वाजवून, पारखून घेतलं. तिचं घर पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्यांमागे फिरणारं. तिथे मला एकच काम, दूध तापवणं. दुधाच्या भांड्यात मीठ पडलं तर जनावर आटतं, अशी त्या घरची समजूत होती. त्यामुळे कालवणाची पळी मला कधी लागली नाही. मला राखेने लख्ख घासत आणि वरच्या फळीवर पालथं घालत. त्याचा मला फार ताठा होता.

१९९४ साली भामाबाईचा थोरला मुलगा तानाजी शिरवळच्या एका कारखान्यात लागला. नोकरी कच्ची होती. पहिल्या महिन्यात तीन खाडे झाले तर घरी, असं साहेबाने बजावलं होतं. भामाबाईने हुलग्याचं पीठ, लसूण, मिरच्या, मिठाची पुडी आणि मला एका बोचक्यात बांधून दिलं.

खोलीवर तानाजीने बोचकं सोडलं आणि माझा पोचा ओळखला. "आये घाईत चुकली," असं म्हणून त्याने मला खिडकीत ठेवून दिलं, देव ठेवावा तसं. पगाराआधी दुसरं भांडं घेणं शक्य नव्हतं. मग सकाळी वडापाव, संध्याकाळी वडापाव. पंधरा दिवसांत त्याचं पोट बिघडलं. दोन खाडे पडले.

घरमालकीण सुलाबाई दारात येऊन उभी राहिली. "पीठ हाय, लसूण हाय, स्टोव्ह मी दिलाय. मग शिजवीत का न्हाईस रं?"

"मावशी, पातेलं दुधाचं हाय. मीठ पडलं तर गावाकडं शेळ्या आटतील."

"शेळ्यांचं मला ठावं न्हाई बाबा. तू मातर पार आटलायस."

तिने त्याला आपल्या घरची पेज पाजली आणि एसटीच्या कंडक्टरकडे आटपाडीला निरोप धाडला. रविवारी दुपारी भामाबाई हजर. सोमवारी तिसरा खाडा पडला तर तानाजीची नोकरी जाणार होती.

"आये, तू चुकून दुधाचं पातेलं दिलंस," तानाजी म्हणाला.

"चुकून? येड्या, घरात जाड बुडाचं एवढंच हाय. दुसऱ्यात तुझं हुलग्याच्या पिठाचं माडगं करपलं असतं."

"आन् शेळ्या?"

ती रीत भामाबाईच्या सासूची होती. "शेळी आटली तर पुन्यांदा व्यायील," भामाबाई म्हणाली. "तुला काय झालं तर मी दूध कुणाला पाजू?"

तिने स्टोव्ह पेटवला. माझ्यात थेंबभर तेल, ठेचलेला लसूण, मिरची, मग पाणी. "सुकं पीठ टाकू नगंस, गुठळ्या व्हत्यात. आधी गार पाण्यात कालीव, मग सोड आन् ढवळत ऱ्हा. हाय काय त्यात?" शेवटी तिने मिठाची चिमूट उचलली. ती आधी कपाळाला लावली, ते मी खालून पाहिलं. मग मीठ पडलं.

मित्रांनो, त्या क्षणी माझा मान गेला असं मला वाटलं. पण तानाजी दोन वाट्या माडगं प्याला आणि त्याने माझं बूड बोटाने पुसून चाटलं. दुधासाठी असं कुणी केलं नव्हतं. सोमवारी भोंगा झाला तेव्हा तो कारखान्याच्या फाटकात होता. पुढे नोकरी पक्की झाली. शेळ्यांपैकी एक उन्हाळ्यात आटली. ती दर उन्हाळ्यात आटायची.

चार वर्षांनी त्याची बहीण सोनिया नर्सिंग शिकायला सांगलीला निघाली. तानाजीने मला घासून तिच्या बोचक्यात घातलं आणि आत मूठभर मीठ टाकलं.

"दादा, मीठ पुडीत बांध की!"

"नगं. त्यातच ऱ्हाऊ दे."

मित्रांनो, भांड्यांना जपा. खारट काही माझ्यात रात्रभर ठेवू नका, मला खड्डे पडतात. पण जपायचं म्हणून फळीवर पालथंही घालू नका. घरातून कुणी पहिल्यांदा एकटं राहायला निघालं, तर त्याला घरातलं सगळ्यात चांगलं भांडं द्या. आणि देताना त्यात पहिली चिमूट मीठ तुम्हीच टाका.