एकशे पंचवीसवर ठेवा

कॅमेरा तिनं काउंटरवर ठेवला आणि तळाच्या ओरखड्यावरून मी तो ओळखला. माझ्याच दुकानातून गेलेला. पण लगेच काही बोललो नाही. आलेल्या प्रत्येकाला जुन्या गोष्टी सांगत बसलो तर दुकान कधी चालवायचं?

तिला शिकायचं होतं. पाच महिन्यांची मुलगी आहे, तिचे फोटो काढायचे, तेही बाबांच्याच कॅमेऱ्यानं. बाबा आता नाहीत. जुन्या लेन्सला बुरशी लागलेली. मोबाइलवर वाचून वाचून डोक्याचा भुगा करून आली होती बिचारी: रुंद लेन्स घेऊ, की लांबची, की सरळ झूमच? म्हटलं, झूमचे चोचले नंतर. पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स घे, वर्षभर तीच वापर, जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढे जा. ते पटलं तिला. फ्लॅश मात्र हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

"आईला फ्लॅश चालत नाही, काका," ती म्हणाली.

मग पिशवीतून तिनं पाकीट काढलं. अकरा फोटो, सगळे घरातले. बाबा दिवसभर कारखान्यात, सुटीतही जादा काम, त्यामुळे फोटो काढायचे ते दिवे लागल्यावर. प्रत्येकात उजवीकडे आई आणि तिच्या मांडीवर तान्ही असलेली ही. डावीकडे नुसतं काळं, काजळ फासल्यासारखं. डावीकडे हिची थोरली बहीण बसायची. तिची जागा ठरलेली होती. सहाव्या वर्षी ती तापात गेली आणि तिचा चेहरा दिसेल असा एकही फोटो घरात नाही. आई म्हणते, कॅमेऱ्याला आधीच दिसत होतं, पोरीवर सावली आली होती आणि आपण आंधळ्यासारखे बघत बसलो. आता नातीसमोर कुणी कॅमेरा धरला की ती बाळाला उचलून आत निघून जाते.

मी ते अकराही फोटो दिव्याखाली धरून पुन्हा पाहिले.

तिचे बाबा मला चांगले आठवत होते. धाकटी झाली तेव्हा कॅमेरा घेतला होता त्यांनी. पाठीमागे मी त्यांना प्रश्नपत्रिका म्हणायचो, इतके प्रश्न. शटरचा वेग उन्हात कितीवर, सावलीत कितीवर. एकदा वैतागून म्हटलं, एकशे पंचवीसवर ठेवा आणि विसरून जा. दोन महिन्यांनी ते फ्लॅश घ्यायला आले. दुकानात गर्दी होती. फ्लॅश लावला की शटर साठवर आणायचं, हे सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं. पुढे ते अर्धा काळा फोटो घेऊन आले, तर मी नीट न बघताच म्हटलं, तुमचं बोट आलं असेल मध्ये. त्यानंतर ते फिरकले नाहीत.

"बाबा फोटो काढताना बोटं फार जपायचे," ती सांगत होती. "अगदी ताठ धरायचे. आम्ही हसायचो."

मला गप्प बसता आलं असतं. लेन्स बांधून दिली असती की झालं. पण ते अकरा फोटो समोर पडले होते आणि माझी नजर राहून राहून त्या काळ्या बाजूलाच जात होती. मी रिकाम्या कॅमेऱ्याची पाठ उघडली, फ्लॅश बसवला, शटर एकशे पंचवीसवर ठेवलं आणि कॅमेऱ्याचं तोंड भिंतीकडे करून तिला मागून बघायला सांगितलं. खटका दाबला.

"अर्धंच दिसलं."

साठवर आणून पुन्हा दाबला. आता पूर्ण चौकट उजळली. मी तिला समजावलं, एकशे पंचवीसच्या वेगाला फ्लॅश उडतो तेव्हा शटरचा पडदा निम्म्यात आलेला असतो. उजेड तुझ्या ताईवर पूर्ण पडत होता, पडदा तेवढा आड यायचा. फिल्मवर तिथं काही उमटलेलंच नाही, आता काढणार कुठून?

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं. एकशे पंचवीस मीच सांगितलं होतं त्यांना."

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. फोटो गोळा करत ती एवढंच म्हणाली, "हे आईला तुम्ही सांगायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईला आणि बाळाला घेऊन आली. मी सगळं सांगितलं, बोटाचंसुद्धा, आणि हात जोडले. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, माझा नि नातीचा एक फोटो काढा. दुकानातल्या बाकावर ती बाळाला मांडीवर घेऊन अगदी उजव्या कडेला बसली. मी म्हटलं, वहिनी, जरा मधे सरका. ती सरकली नाही. मी फ्लॅश लावला, शटर साठवर आहे ना, हे तीनदा पाहिलं आणि फोटो काढला.

दोन दिवसांनी दोघी फोटो न्यायला आल्या. बाळ छान आलं होतं. डावीकडचं बाक, त्याचे खिळे, मागच्या भिंतीचा उडालेला रंग, सगळं लख्ख. आईनं त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

"काळं होतं तोवर ती तिथं बसलेली असायची," ती म्हणाली.

मग लेकीला म्हणाली, फ्लॅश घे. लेन्स आणि फ्लॅश घेऊन दोघी गेल्या. फोटो आईनं काउंटरवरच ठेवला. तो अजून माझ्याकडे आहे, आणि त्यातलं रिकामं बाक मला रोज दिसतं.