पत्र्यातलं वादळ

रेडिओच्या संग्रहालयात ताईंना बघायचं असं काहीच नव्हतं. मिळवायची होती ती घरातली शांतता. त्यांचे यजमान पूर्वी रेडिओवरच्या नाटकांना आवाज पुरवायचे. पाऊस, घोडे, दारांची करकर. त्यातलं एक वादळ भलतंच गाजलं. "ते मी पत्रा हलवून काढलं," हे यजमानांचं म्हणणं. "छे, ते खऱ्या वादळाचं रेकॉर्डिंग," हे ताईंच्या धाकट्या भावाचं. लग्नापासून हा वाद ताईंच्या पानात वाढलेला. आता जुनं प्रसारण केंद्र संग्रहालय म्हणून लोकांना खुलं झालं होतं, आणि तो पत्रा तिथेच टांगलेला होता. कुणीही हरो, एकदाचा निकाल लागणार होता.

गाडीत यजमानांच्या तोंडाला खीळ नव्हती. "मेहुणेबुवा, कानात कापूस घाला!" प्रक्षेपणाचा मनोरा दिसला तसे ते पोरासारखे खिडकीबाहेर झुकले.

स्टुडिओत पाऊल टाकलं आणि त्यांची वाचाच बसली. चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत ते पत्र्यापाशी गेले नि गप्प उभे राहिले.

"काय भावजी, दातखीळ बसली?" भाऊ खुलला. "ताई, बघ! थाप उघडी पडली!"

तेवढ्यात ताईंचं लक्ष दारावरच्या पेटलेल्या लाल दिव्याकडे गेलं. तो पेटला की प्रसारण चालू, शिंकसुद्धा गिळायची. ही शिस्त यजमानांच्या हाडीमांसी भिनलेली.

"अहो, दिवा नुसता देखाव्याचा आहे!"

यजमानांनी घाबरून ओठांवर बोट ठेवलं. मग मेहुण्याकडे एक कटाक्ष टाकून पत्र्याची कड धरली आणि मनगट हलवलं.

आधी लांबवर गुरगुर. मग गडगडाट असा चढत गेला की काचा थरथरल्या, माहिती सांगणारी बाई टेबल धरून उभी राहिली. आणि अखेरीला त्या गाजलेल्या वादळातली तीच, छप्पर उडाल्यासारखी किंकाळी! भावाने नकळत कॉलर वर केली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तर यजमान हातवारे करून सगळ्यांना गप्प करू लागले.

"भावजी, हरलो! पुन्हा वाजवा! नाही, मला शिकवा!"

वाद मिटला. यजमानांना मान मिळाला, भावाला गुरू मिळाला. सराव रोज संध्याकाळी ताईंच्या स्वयंपाकघरात चालतो, त्यांच्या पिठाच्या डब्याच्या झाकणावर. पीठ उघडं, शांतता गेली. दोन्ही ताईंच्या खाती.